गावात शूटिंग येतं तेव्हा

‘स्वदेस’ सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी टीव्हीवर बघितला असेल. 2004 सालचा. त्यातलं चरणपूर गाव म्हणजे आपल्या वाईजवळचं मेणवली. कृष्णेकाठचा तो घाट, नाना फडणवीसांचा वाडा, सगळं तिथलंच. प्रकाश झांच्या ‘गंगाजल’ची गोष्ट बिहारची आणि ‘दबंग’ची उत्तर प्रदेशची, पण शूटिंग वाईच्या बाजूलाच झालं. आपल्या कृष्णामाईनं पडद्यावर किती गावांची सोंगं घेतलीत, तिचं तिलाच ठाऊक!

ही मंडळी इथं का येतात? मुंबई-पुण्याहून रस्ता चांगला आहे आणि राहायला पाचगणी-महाबळेश्वर जवळ आहे. नदी, डोंगर, दगडी देवळं, जुने वाडे एकाच ठिकाणी मिळतात.

शूटिंगच्या आधी जागा बघायला दोन-चार माणसं येतात, त्याला ते ‘रेकी’ म्हणतात. बघायला नुसता सुंदर घाट त्यांना पुरत नाही. सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड कुठून पडतो, मोठ्या गाड्या कुठपर्यंत येतील, जनरेटर लांब कुठं उभा करता येईल, हे सगळं ते बघतात. गिरणीचा आवाज येतो का, विजेचा खांब नाहीतर मोबाइलचा टॉवर मध्ये येतो का, हेही बघतात. फोटो काढतात, पारावर बसलेल्यांशी बोलतात, चहा पितात आणि जातात.

पारावर बसलेल्यांशी. घोळ तिथंच होतो.

आमच्या भागातल्या एका गावाची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. रेकीवाल्यांनी विचारलं, घाट तीन दिवस मिळेल का? पारावरच्यांनी हसत हो म्हटलं. त्यांतल्या एकानंही कधी घाटावर धुणं धुतलेलं नव्हतं. तीन दिवस बायका डोक्यावर धुण्याची बोचकी घेऊन लांबच्या विहिरीवर गेल्या. आमच्या गटातल्या एका आक्कांच्या पडवीचे पत्रे कॅमेऱ्यात नवे दिसत होते, म्हणून ते काढले. शूटिंग झाल्यावर घाईघाईनं परत ठोकले. जूनमध्ये पडवी गळली आणि दोन पोती ज्वारी भिजली. आक्कांच्या हातावर टेकवलेले पैसे पत्रे नीट करण्यातच गेले. कागद काहीच नव्हता. फोन लावला तर तो माणूस म्हणे दुसऱ्या सिनेमावर गेला.

पुढच्या वर्षी दुसरी मंडळी आली, तेव्हा आक्का चप्पल घालून सरळ त्यांच्याबरोबर निघाल्या. मागोमाग आम्ही चौघी. तो पोरगा घाट बघत होता आणि आक्का त्याला सांगत होत्या, ‘‘भाऊ, हा धुण्याचा दगड. ही म्हसरं पाण्यावर यायची वाट. आणि येत्या शुक्रवारी इथं एका घरचा दहावा आहे.’’ दहाव्याचं ऐकून त्यानं वही काढली. पारावर त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग बोलणी झाली. त्याला चारही दिवस सकाळ हवी होती, सकाळचा उजेड मऊ असतो म्हणून. आम्हालाही सकाळच हवी, कारण नंतर शेतावर जायचं असतं. शेवटी दोन सकाळी त्यांच्या, दोन आमच्या. त्यांच्या दिवशी पाण्याचा टँकर आळीत उभा करायचा, खर्च त्यांचा. पोहे, भाकरी आणि पिठलं गटाकडून घ्यायचं, निम्मे पैसे आधी. (वांग्याचं भरीत त्यांनी तीनदा मागितलं, ते वेगळं.)

घराचं मात्र प्रत्येकीनं आपापलं ठरवलं. नाही म्हणायलाही हरकत नसते, एका घरी बाळंतीण होती, त्यांनी नाही म्हटलं. हो म्हटलेल्यांनी कागदावर लिहून घेतलं: कोणत्या तारखा, किती वाजेपर्यंत, भाडं किती, कशाला हात लावणार, आणि होतं तसं कधीपर्यंत करून देणार. अनामत वेगळी घेतली. काही हलवण्याआधी मोबाइलवर घराचे फोटो काढून ठेवले. कागदावर सही घरातल्या बाईचीही. याला वकील लागला नाही, साध्या मराठीत एक पान झालं.

घाट, रस्ता, शाळा या सगळ्यांच्या जागा. तिथं ग्रामपंचायतीला विचारावं लागतं आणि देवस्थानची जागा असेल तर विश्वस्तांना. सरकारी जागांच्या परवानग्यांसाठी राज्याच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी योजना आहे. तिथली परवानगी घेऊन कुणी आलं, तरी तुमच्या अंगणात पाय ठेवायला तुमचीच परवानगी लागते. पंचायतीला मिळालेली फी कुठं गेली, हे ग्रामसभेत विचारा. आम्ही विचारलं, तेव्हा घाटावरच्या दिव्याचा ठराव झाला. दिवा अजून लागलेला नाही, आम्ही विचारतोच आहोत.

त्या शुक्रवारी शूटिंगचा तिसरा दिवस होता. दहाव्याची माणसं घाटावर आली, तेव्हा कॅमेरे वरच्या पायरीवर झाकून ठेवले होते आणि ती पन्नास-साठ माणसं देवळामागं गप्प उभी होती. पिंडाला कावळा शिवला, मग त्यांनी काम सुरू केलं.