आपलीच अंडी खाणारा मासा

श्रोतेहो, घरची कोंबडी आपलेच अंडे फोडून खाऊ लागली, की घरधनीण म्हणते, "हिला वाईट खोड लागली!" आज मी तुम्हांला अशा एका माशाची हकिकत सांगणार आहे, की ज्याच्या साऱ्या जातीलाच ही सवय आहे, आणि तरीही त्याला खोड म्हणता येत नाही.

हा मासा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा. नाव अँकोव्ही. लांबीला वीतभरही नाही. आपल्या बाजारात येणारी मांदेली ह्याच्याच कुळातली. हे मासे मोठमोठ्या थव्यांनी फिरतात. मादी रात्री पाण्यातच अंडी सोडून देते. अंडे दीड मिलिमीटरहून लांब नसते, काचेसारखे पारदर्शक. दोन-चार दिवसांनी पिल्लू बाहेर येते; तोवर ते नुसते तरंगत असते.

आता ह्याचे जेवण पाहा. भक्ष्य जरा मोठे असले, तर मासा एकेक टिपून खातो. बारीक जीव दाट असले, तर तोंडाचा आ करून पुढे पोहतो. पाणी कल्ल्यांतून निघून जाते, जीव तिथल्या काट्यांच्या चाळणीत अडकतात. पण असे पोहायला शक्ती खर्च होते. म्हणून चारा दाट असेल तिथेच हे परवडते. त्याच पाण्यात अंडीही असतात, आणि अंडे म्हणजे तर सकस घास! चाळणीला आपले-परके कसे कळणार?

हंटर आणि किंब्रेल ह्या संशोधकांनी माशांची पोटे तपासून १९८० साली हिशेब मांडला: नाश पावणाऱ्या अंड्यांपैकी सुमारे ३२ टक्के अंडी ह्याच जातीच्या पोटात जातात.

मग जात टिकते कशी? मादी वर्षातून सुमारे वीस वेळा अंडी घालते, दर खेपेस हजारोंनी. सुगीत अंगी साठवलेली चरबी तिच्या कामी येते. उलट थवा फार दाटला, की खाणारी तोंडेही वाढतात आणि संख्येला लगाम बसतो. समुद्रात मासे किती वाढतील, ह्याचा अंदाज बांधणाऱ्याला हा घरचा खर्चही धरावाच लागतो.

शिक्षकबंधूंनो, तळ्याचे पाणी मुलांकरवी फडक्यातून गाळून घ्या. काय काय अडकले, ते त्यांनाच पाहू द्या. मग ही हकिकत सांगा. माशाला 'क्रूर' म्हणण्याआधी मुले त्याचा जमाखर्च विचारतील.