स्वभावाला औषध नाही?



‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ आणि ‘स्वभावाला औषध नाही’ या दोन म्हणी आपण नेहमी ऐकतो. पहिली खरी आहे. दुसरीचा मात्र आज थोडा विचार करू.

परभणी जिल्ह्यातली आपली काळी जमीन घ्या. ओल धरून ठेवणे हा तिचा गुण. त्याच्याच जोरावर रब्बीची ज्वारी पदरात पडते. पण पाऊस फार झाला आणि निचरा होईना, की तीच जमीन चिबडते व पीक पिवळे पडते. गुण तोच, अति झाला, एवढेच. माणसाचेही तसेच आहे. सावध माणूस कागद वाचल्याशिवाय सही करीत नाही, हे चांगलेच. पण भाऊ, बायको, शेजारी, साऱ्यांवरच त्याचा वर्षानुवर्षे संशय राहिला, तर घर मोडते.

मग रेघ ओढायची कोठे? जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी वर्गवारी २०२२ साली अमलात आली. तिने व्यक्तिमत्त्व-विकारांचे बहुतेक जुने कप्पे मोडले आणि त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, हे पाहायला सांगितले. आपणही तीन प्रश्न विचारावेत. हे निदान दोन वर्षे तरी चालले आहे काय? घरी, शेतात, बाजारात, सगळीकडे तसेच आहे काय? आणि त्यापायी नाती तुटतात, कामे अडतात, जीव पोळतो काय? तिन्हींचे उत्तर ‘होय’ आले, तरी निदान करायचे ते डॉक्टरांनीच.

एक सांभाळा. पीक बुडाल्यावर माणूस चिडका होतो. तो त्याचा स्वभाव नव्हे. हसताखेळता माणूस एकाएकी बदलला, त्याची झोप उडाली, जगणे नको म्हणू लागला, तर तो वेगळा आजार असू शकतो. तेथे वाट पाहू नये.

गुरुजनांना एक विनंती. वर्गातले मूल हूड असेल, अबोल असेल, हट्टी असेल. त्याचा स्वभाव अजून घडतो आहे. तज्ज्ञही एवढ्या लहान वयात असा शिक्का मारायला कचरतात. आपण तर मुळीच मारू नये.

आता औषधाचे. स्वभाव पालटणारी गोळी नाही, हे खरे. पण बोलून, शिकवून करायचे उपचार आहेत. अमेरिकेतील मार्शा लिनेहान यांनी भावनांचा लोंढा आवरायला शिकवणारी पद्धत काढली. तरुणपणी आपण स्वतःच मनाच्या आजाराने रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. अनेकांचा त्रास उपचाराने आणि वयाबरोबर उतरतो. जमीन चिबडली म्हणून आपण ती टाकून देत नाही; चर काढतो.

तेव्हा ‘तो तसलाच आहे’ म्हणून कोणाला सोडून देऊ नका. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.