चहाच्या नांवाचें तेल

पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत, कुकडी नदीच्या कांठीं, बोरी बुद्रुक हें गांव आहे. गांव शेतकऱ्यांचें, परंतु भूशास्त्रज्ञांत त्याचें नांव एका निराळ्याच कारणानें गाजलें. नदीच्या दरडींत तेथें पांढुरक्या राखेचा एक थर सांपडला. ही राख ज्वालामुखीची होती, आणि जिवंत ज्वालामुखी तर महाराष्ट्रांत कोठेंच नाहीं. मग ती आली कोठून? शास्त्रज्ञांनीं तिच्या कणांचें रासायनिक पृथक्करण केलें, तेव्हां ती सुमारें सव्वातीन हजार किलोमीटर दूर असलेल्या, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचें दिसून आलें. तिच्या वयाविषयीं पंडितांत पुष्कळ वाद झाला. कुळाचा प्रश्न मात्र पृथक्करणानें सुटला. दुरून आलेल्या वस्तूची ओळख पटवावयाची, तर तिचें रूप पाहून भागत नाहीं. तिची घडण तपासावी लागते.

अशीच दूरदेशची एक वस्तु आज शहरांतील अनेक घरांत आरशापुढच्या फळीवर येऊन बसली आहे. लहानशी तपकिरी बाटली, कापराची आठवण देणारा उग्र वास, आणि वर नांव ‘टी ट्री ऑइल’. मुरुम, कोंडा, खरचटणें, सर्दी, डास, ह्या सर्वांवर तिचा गुण सांगितला जातो. इतके गुण ज्याला चिकटविले जातात, त्याचे खरे गुण कोणते हें निवडून पाहणें अगत्याचें आहे. कारण ह्याच बाटलीनें लहान मुलांची शुद्ध हरपल्याच्या नोंदी वैद्यकाच्या दप्तरांत आहेत.

पहिला घोटाळा नांवाचा. चहाच्या झुडपाशीं ह्या तेलाचा कांहीं एक संबंध नाहीं. अठराव्या शतकांत कॅप्टन कुकच्या खलाशांनीं ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या कांहीं झाडांचीं पानें उकळून चहासारखें पेय केलें, त्यावरून हें नांव रूढ झालें असें सांगतात. हें तेल ज्या झाडाचें, त्याचें शास्त्रीय नांव मेलाल्यूका आल्टर्निफोलिया. ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांताच्या ईशान्य भागांत पाणथळ जागीं आणि ओढ्यांच्या कांठीं तें वाढतें. त्याचें कूळ मात्र महाराष्ट्राला परकें नाहीं. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी हीं सर्व त्याच कुळांतलीं. जांभळाचें कोंवळें पान उजेडाकडे धरलें, तर त्यांत सुईच्या अग्राएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. ते तेलाचे कोश होत. पान चुरगाळतांच येणारा वास त्यांचाच.

त्या मुलखांतील मूळचे बंजलंग लोक पिढ्यान्‌पिढ्या हीं पानें ठेचून जखमेवर बांधीत आणि खोकल्या-पडशावर त्यांचा वास घेत. जुन्नरकडच्या खेड्यांत जखमेवर हळद दाबतात, खरजेवर करंजाचें तेल चोळतात. त्यांतलाच हा प्रकार. पुढें सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत ह्या तेलाची परीक्षा केली. त्या काळीं जंतुनाशक म्हणून कार्बोलिक आम्लाचा दबदबा होता. त्याच्या अकरापट जंतुनाशक शक्ति पेनफोल्ड ह्यांना ह्या तेलांत आढळली. पुढें पेनिसिलिनसारखीं औषधें हातीं आलीं आणि तेल मागें पडलें. १९७० नंतर त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळलें आणि झाडांची रीतसर लागवड सुरू झाली.

पानें व कोंवळ्या डहाळ्या भट्टींत घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल निघून येतें. शंभर किलो ओल्या पाल्यापासून एक-दोन किलोच तेल हातीं लागतें. त्यांत सुमारें शंभर घटक असतात. पैकीं टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य. जंतूच्या शरीराभोंवतीं जें सूक्ष्म आवरण असतें, तें हा घटक सैल करतो. आंतील द्रव्यें बाहेर झिरपतात आणि जंतु मरतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें अस्सल तेलांत ह्या घटकाचें प्रमाण शेंकडा ३५ ते ४८ असावें, आणि निलगिरीच्या तेलांत मुख्य असणारें सिनिओल शेंकडा १० च्या वर नसावें. महाग वस्तूंत भेसळ व्हावयाचीच. म्हणून बाटलीवर झाडाचें शास्त्रीय नांव आहे कीं नाहीं, एवढें तरी घेणारानें पाहावें.

आतां गुणांचा हिशेब. १९९० सालीं ऑस्ट्रेलियांत मुरुमांच्या १२४ रोग्यांवर एक प्रयोग झाला. कांहींना शेंकडा ५ टी ट्री तेलाचा लेप दिला, कांहींना बेन्झॉइल पेरॉक्साइडचा. दोन्हींनीं मुरुम कमी झाले. तेलाचा गुण उशिरां आला, परंतु त्वचेची आग व कोरडेपणा त्यानें कमी झाला. २००२ सालच्या एका प्रयोगांत शेंकडा ५ तेल घातलेल्या शाम्पूनें चार आठवड्यांत कोंडा बराच हटला. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशीनें होणाऱ्या विकारावर शेंकडा १० तेलाच्या मलमानें खाज व सालपटें कमी झालीं, पण बुरशी गेली नाहीं. ती जाण्यास बरेंच तीव्र द्रावण लागलें, आणि त्यानें कांहीं जणांची त्वचा हुळहुळली. गुण खरा आहे. पण तो प्रमाणांत आहे आणि कातडीपुरता आहे.

दोष तितकेच खरे आहेत. हें तेल पोटांत जातां कामा नये. दहा मिलिलिटरांहूनही कमी तेल गिळल्यानें लहान मुलांना गुंगी आली आहे, तोल सुटला आहे. नांवांत चहा असलेली वस्तु घरांतील पोरानें किंवा म्हाताऱ्या माणसानें भोळेपणानें पेल्यांत ओतावी, ह्याहून मोठें भय दुसरें नाहीं. मांजर-कुत्र्यांनाही तें विषारी आहे. डोळ्यांत व कानांत तें घालूं नये. उघड्या बाटलींत हवा लागून तेल जुनें झालें, म्हणजे त्याचे घटक बदलतात आणि त्वचेला गांधी व पुरळ उठतें. म्हणून तें काळसर काचेच्या बाटलींत, घट्ट बूच लावून, थंड जागीं आणि मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर ठेवावें.

वापरावयाची रीत सोपी आहे. चहाचा एक चमचा खोबरेल घेतलें, तर त्यांत पांच थेंब पुरेत; हेंच सुमारें शेंकडा ५ चें प्रमाण. प्रथम कोंपराच्या आंतल्या बाजूस थोडें लावून एक दिवस वाट पाहावी. लाली अगर खाज आली, तर बाटली बाजूस ठेवावी.

बोरी बुद्रुकच्या परिसरांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यानें ऊस आणि भाजीपाला पिकतो. दिवसभर ओल्या रानांत उभे राहणारांच्या पायांना चिखल्या होतात. विळा लागतो, उंसाचें पान कापतें. शहरांत नोकरीस असलेला मुलगा सणाला घरीं जातांना अशी एक बाटली पिशवींत टाकील, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. पण बाटलीबरोबर त्यानें चार शब्दही न्यावेत. चिखल्यांना आधीं पाय धुऊन कोरडे ठेवणें हें पहिलें औषध. मातीनें भरलेली खोल जखम असेल, तर धनुर्वाताची लस टोंचून घेण्यास दवाखाना गांठलाच पाहिजे. तेथें कोणतेंही तेल उपयोगीं पडत नाहीं. मधुमेह्याच्या पायावरची जखम तर घरीं एक दिवसही ठेवूं नये. आणि शेवटचें, जें घरांतील प्रत्येकाला ऐकूं जाईल अशा आवाजांत सांगावें: ह्या बाटलीवर चहाचें नांव आहे, पण हें प्यावयाचें नाहीं.