कलमाची जात आणि माळ्याची पदवी



उद्यानविद्येवर बोलायचं म्हटलं की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढं शिकून पोरगा शेवटी माळीच होणार ना?" होऊ द्या की! पण तो धंदा काय आहे, ते आधी पाहू.

तुम्ही संत्र्याचं कलम विकत घेता तेव्हा हातात एक हिरवी काडी येते. डोळा, म्हणजे कलमासाठी घेतलेली कळी, कोणत्या झाडावरून काढला, ते झाड निरोगी होतं का, हे तिच्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. ते कळतं चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर. डोळा जमिनीलगत बांधला असेल तर सांधा ओल्या मातीला टेकतो, फायटोप्थोरा बुरशी शिरते आणि झाडाला डिंक्या लागतो. तोवर विकणारा पैसे मोजून मोकळा झालेला असतो. म्हणून तर आपल्या महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे, परवाना लागतो. पण परवाना भिंतीवर टांगलेला असतो. मातृवृक्षाची नोंद ठेवायची की दिसेल त्या झाडाची काडी कापायची, हे रोपवाटिकाचालकाच्याच हातात राहतं. 1990 च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. अशा वेळी मोह मोठा असतो.

मग हे शिकायचं कुठे? राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं. उद्यानविद्येची पदवी चार वर्षांची. पण सगळंच वर्गात शिकता येत नाही. कोकणात पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं बांधतात. रोप कोवळं, हवा दमट, सालीखालचा वाढीचा थर काडीच्या थराशी नेमका भिडला तरच जीव धरतो. हे 'का' वर्गात कळतं. चाकूचा तिरका छेद मात्र जुन्या माळ्याकडूनच शिकावा. तिथे पदवीचा तोरा बाहेर ठेवावा.

बागरचनेचं काम तर आता इमारतींच्या डोक्यावर चढलंय. एक चौरस मीटर गच्चीवर फूटभर ओली माती म्हणजे सुमारे पाचशे किलो वजन. त्यामुळे मातीत कोकोपीट मिसळायचं, खाली पाण्याचा निचरा ठेवायचा, आणि स्लॅब किती भार पेलेल हे इंजिनिअरला आधी विचारायचं. वड-पिंपळ तिथे लावू नयेत, हे सांगायला पदवी लागू नये. पण लावलेले दिसतात. शिवाय बाग करून देणं सोपं. पुढची देखभाल कोण करणार, किती पैशांत, हे करारात लिहून घेणं अवघड. पदवी घेतलेली मुलं नेमकी इथेच फसतात, कारण हिशेब लिहिण्याचा त्यांना कंटाळा.

तेव्हा सुटीत मुलाला उरुळी कांचनच्या एखाद्या रोपवाटिकेत कामाला पाठवा. पिशव्या भरणं, रोपं गाडीत चढवणं, गिऱ्हाइकाशी भाव करणं, सगळं करू द्या. शंभर रोपांत मर किती धरायची, हे तिथे कळतं आणि नफा त्यावरच ठरतो.