शनवारतेल्यांची लेक आणि मातीची शर्यत

(मासिक सभेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



मोटारसायकलींच्या शर्यतीत आपल्या समाजातील स्त्रीने उतरावे काय, आणि उतरल्यास शब्बाथचे काय, असे आपणांपैकी पुष्कळांनी मला विचारले आहे. अध्यक्षांच्या आज्ञेवरून आज त्याचे उत्तर देते.

प्रथम खेळाविषयी. फ्लॅट ट्रॅक म्हणजे सपाट, कच्च्या, लंबवर्तुळाकार मार्गावरची शर्यत. ती अमेरिकेत वाढली. तिचा जवळचा आप्त असलेला स्पीडवे १९२८ साली एसेक्समधील हाय बीच येथील शर्यतीनंतर या देशात लोकप्रिय झाला. स्पीडवेच्या गाडीला ब्रेकच नसतो. आमच्या गाडीला मागचा असतो, पुढचा नसतो. वळणे सगळी डावीकडची. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू द्यायचे, हँडल उलट दिशेला धरायचे आणि डाव्या बुटाखालचा पोलादी तळ जमिनीला टेकवून तोल सांभाळायचा. मोकळ्या मातीवर पुढचे चाक अडकले की गाडी आडवी झालीच. म्हणून वेग कोठे कमी करायचा, हे वळण येण्याआधीच ठरवून ठेवावे लागते.

या देशात डर्ट ट्रॅक रायडर्स असोसिएशन अशा स्पर्धा भरवते. लिंकनशरमधील ग्रीनफिल्ड आणि नॉरफोकमधील किंग्ज लिन येथे त्या झाल्या आहेत. आमच्यासारखे हौशी स्पर्धक आठवडाभर नोकरी करून तेथे जातात. आमच्या चमूत चौघे आहेत, व्हॅन एक आणि हत्यारांची पेटीही एकच. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चेन ताणणे, टायरची हवा पाहणे, मार्ग सुकला की मागचे स्प्रॉकेट बदलणे, ही कामे ज्याचे हात मोकळे असतील तो करतो. गाडी कोणाची, हे कोणी पाहत नाही.

आता मुख्य प्रश्न. काही स्पर्धा शनिवार आणि रविवार अशा दोन दिवसांच्या असतात. शनिवारी मी धावत नाही. मोसमाच्या आरंभीच मी हे सोबत्यांना सांगते. माझी गाडी शुक्रवारी दुपारपर्यंत सज्ज करून त्यांच्या स्वाधीन करते. इंग्लंडच्या उन्हाळ्यात तारे दिसेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातात. त्यामुळे मी रविवारी पहाटेच निघते.

गेल्या मोसमात याची किंमत मोजावी लागली. माझ्या वर्गात मी तिसरी होते. अशाच एका स्पर्धेत शनिवारचे गुण बुडाले आणि मी सहाव्या स्थानी गेले. त्याच शनिवारी एका सोबत्याचे इंजिन बंद पडले. माझी गाडी हवी तर वापरा, असे मी शुक्रवारीच सांगून ठेवले होते. तो ती घेऊन धावला. रविवारी मी पोहोचले, तेव्हा क्लचच्या झिजलेल्या प्लेटी बदललेल्या होत्या. तिघांनी रात्री जागून ते काम केले होते. त्यांपैकी एकही यहुदी नाही. शनिवार माझा होता, पण तो पाळता यावा म्हणून झोप त्यांनी मोडली. हे ऋण गुणांच्या तक्त्यात कोठेही दिसत नाही.

कुलाबा जिल्ह्यातील आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना शनवारतेली म्हटले. आपण हे नाव अभिमानाने सांगतो. मात्र घाणा बंद असे त्या दिवशी तेल निघत नसे आणि पैसाही येत नसे, हे क्वचितच सांगतो. दर आठवड्याला एक दिवस सोडून ज्यांनी संसार केले, त्यांच्यापुढे माझे तीन क्रमांक काय आहेत?

जिवाला जपावे, ही आज्ञा मलाही ठाऊक आहे. हाडे मोडू शकतात, हे मी नाकारीत नाही. हेल्मेट, चामड्याचा पोशाख आणि जागेवर रुग्णवाहिका यांवाचून मी मार्गावर पाऊल ठेवीत नाही. तेवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांची काळजी मी आशीर्वाद समजून स्वीकारते.

पुढील मोसमात एखाद्या रविवारी अवश्य या. जाड कोट आणा, कानांत कापूस घाला आणि वळणापासून दूर उभे राहा, नाहीतर मातीने माखाल. माझ्या सोबत्यांना मात्र जरूर भेटा. चहा तेच देतील.