वाऱ्यावर सोडलेली होडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एखाद्याला 'वाऱ्यावर सोडलं' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचे दिवस फिरले असं समजायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोशुआ स्लोकम नावाच्या कप्तानाला असंच वाऱ्यावर सोडलं गेलं. सारा जन्म शिडाच्या जहाजांवर काढलेला हा माणूस. पण समुद्रावर वाफेची जहाजं आली आणि त्याच्या विद्येला गिऱ्हाईक उरलं नाही. आमच्या कोकणातल्या बंदरांनाही ही गोष्ट सांगावी लागणार नाही. आगबोटी आल्या, रस्ते झाले आणि गलबतांचे नाखवे किनाऱ्यावर बसले.

अमेरिकेतल्या एका ओळखीच्या दर्यावर्द्यानं स्लोकमला जहाज देऊ केलं. जाऊन बघतो तर शेतात कापडाखाली झाकलेली एक मोडकळीला आलेली होडी! थट्टाच ती. पण स्लोकमनं तेरा महिने खपून ती नव्यानं बांधली. लांबी जेमतेम ३७ फूट, खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. नाव 'स्प्रे'. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो बोस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. एकट्या माणसानं केलेली ही पहिली प्रदक्षिणा.

वादळांच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला ओढ आहे ती त्याच्या उष्ण कटिबंधातल्या दिवसांची. शाळेच्या भूगोलात आपण 'व्यापारी वारे' पाठ करून विसरलो, ते तिथे महिनोन् महिने एकाच दिशेनं वाहतात. हुआन फर्नांडिस बेटावरून मे १८९६ मध्ये निघालेली 'स्प्रे' सामोआला पोचली ती ७२ दिवसांनी. मधे कुठेही जमिनीला टेकणं नाही. सकाळी सूर्य होडीच्या मागे उगवायचा, संध्याकाळी पुढ्यात बुडायचा. रात्री उडते मासे डेकवर येऊन पडत, तीच न्याहारी. घड्याळ एकच, पत्र्याचं. काच फुटलेली म्हणून दुकानदारानं दीडऐवजी एका डॉलरला दिलेलं.

आणि सुकाणू? ते तो बांधून ठेवायचा. शिडांचे दोर असे ओढायचे-सोडायचे की होडी आपली आपण वाट धरते. १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टोकाशी असलेल्या थर्सडे बेटावरून कोकोस-कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्यानं २३ दिवसांत कापले. त्यात सुकाणूपाशी तो सगळा मिळून तीन तासही उभा नव्हता. आज या कामाला यंत्रं आहेत. त्याच्याजवळ होता तो नुसता हात, ज्या हाताला कुणी नोकरी देत नव्हतं. होडी वाऱ्यावर सोडायलाही आधी वारा कळावा लागतो. (सुकाणू हा शब्द अरबी, खलाशीही अरबी, नाखवा फारसी. आपल्या मराठीचा अर्धा समुद्र असा गलबतांतून आला आहे.)

दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्यानं प्रदक्षिणा केली, पण तो मार्ग बराचसा दक्षिणेच्या थंड, खवळलेल्या समुद्रांचा. स्लोकमच्या उबदार पाण्यात जीव घाबरा करणारी गोष्ट वेगळी होती: एकांत. आवाज विसरू नये म्हणून सफरीच्या सुरुवातीला तो मोठ्यानं हुकूम सोडी. स्वतःचाच आवाज रिकाम्या हवेत पोकळ वाटू लागला, तेव्हा ते थांबवून गाऊ लागला. ऐकायला समुद्रातली जनावरं. कवीनं हेवा करावा असा श्रोतृवर्ग, निदान मधेच उठून जात नाही!

माणसांनी मात्र नेहमीच असं स्वागत केलं नाही. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर धर्मगुरूंनी थोड्याच दिवसांपूर्वी ख्रिस्तविरोधी अवतरणार असल्याचं सांगितलं होतं. आमच्याकडे त्याला दज्जाल म्हणतात. तेवढ्यात शिडं फुगवलेली एक होडी जोरात बंदरात शिरली, आत एकच माणूस. लोक ओरडले, आला! एका वृद्धेनं घरात जाऊन कडी घातली. तो रस्त्यानं येतोय हे कळल्यावर दारांना अडसर लावले. स्लोकम बेटावर आठ दिवस राहिला. ती काही बाहेर आली नाही.