लघुउद्योग आणि अडकलेले पैसे
(उद्योजक मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



ऑनलाइन बाजारपेठेमुळे दूरगावचा खरेदीदार कारखाना आज लहान उद्योजकालाही गाठता येतो. परंतु माल आज रवाना होतो आणि पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. तोवर कामगारांचा पगार थांबत नाही. मोठ्यांच्या स्पर्धेत लहान कारखानदार मागे पडतो तो बहुधा कसबात नव्हे, तर खेळत्या भांडवलात.

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कमाल ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'ट्रेड्स' ही ऑनलाइन व्यवस्था उभी राहिली. तीवर बिल नोंदवावे. खरेदीदाराने ते मान्य करताच बँका बोली लावतात. सर्वांत कमी कसर कापणाऱ्या बँकेकडून पैसे मुदतीआधीच हाती येतात. पुढे खरेदीदाराने ते थकविले, तरी बँक आपल्याकडे परत मागत नाही.

मात्र खरेदीदाराची मान्यता अत्यावश्यक आहे. म्हणून ऑर्डर स्वीकारतानाच ही अट लेखी घालावी, उद्यम नोंदणी करावी व माल पोहोचल्याच्या पावत्या जपाव्यात. कसब आपणांपाशी आहेच. हिशेबही तितकाच चोख असावा, एवढीच विनंती.